फाटकावरचे पट्टे

वस्तू तळहातावर आली आणि कृष्णकांतच्या अंगठ्याने निकाल देऊन टाकला. नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या गादीवर बसून बसून त्या अंगठ्याला एवढं एकच येत होतं, घासायचं आणि सांगायचं. सूत किती, खळ किती, ताग्याचं पोतेरं पहिल्या धुण्यात होणार की दुसऱ्या, हे त्याला मालकाच्या आधी कळे, आणि मालकाचं तोंडही सवयीने अंगठ्याच्या मागोमाग चालू होई. मन, नातंगोतं, समोर कोण बसलंय, ही मंडळी मागाहून पोचायची. "नक्कल हाये," तो म्हणाला. "काल-परवाचा माल. आजकाल पट्टे बी सरळ मारत नाहीत लेकाचे." वस्तू म्हणजे खेळण्यातल्या आगगाडीचं फाटक होतं. वीतभर लांब, पत्र्याचं, पांढऱ्यावर लाल पट्टे मारलेलं, दांडीच्या एका टोकाला वजनाचा गोळा, तो दाबला की दांडी वर जावी. रंग इतका ताजा की खोलीभर वास आला. आणि सोफ्याच्या अगदी कडेला, पाहुण्यासारखी बसलेली त्याची थोरली बहीण यमुताई, जिने ते फाटक गावाहून, खाप्याहून, पिशवीत घालून आणलं होतं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून सोडवून आत्ता आत्ता त्याच्या हातावर ठेवलं होतं, ती म्हणाली, "असं काय?" बस, एवढंच. मग तिने तो लुगड्याचा तुकडा मांडीवर घेऊन त्याची घडी घातली, घडीची घडी घातली, तिचीही घातली, आणि पुढे घालायला कापड उरलं नाही तेव्हा ती पुडी मुठीत धरून बसली.

"चश्मा आणतो," कृष्णकांत म्हणाला आणि फाटक घेऊन आतल्या खोलीत गेला. चष्मा त्याच्या कपाळावर होता. तो बायकोने, शामलाने पाहिला, मुलाने, अश्विनने पाहिला, आणि दोघांपैकी कुणीही काही म्हटलं नाही. प्रकरण किती बिघडलंय याचा अंदाज त्याला तिथेच, दारात आला. या घरात बोलून दाखवण्याजोगी चूक फुकट जाऊ देण्याची पद्धत नव्हती.

दार लोटून तो पलंगावर टेकला. बाहेर कपबशा वाजल्या, शामला उगाचच मोठ्या आवाजात साखर किती असं विचारू लागली, जशी काही यमुताई आज पहिल्यांदाच सक्करदऱ्याच्या या घरात चहा पीत होती. परवा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन, मोतीबिंदू पिकून दगड झालाय असं डॉक्टरने सांगितलेलं, म्हणून ती आली होती. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ती सोळा. त्यानंतर त्याचं जे काही झालं, शेंबूड पुसण्यापासून शामलाला बघायला जाण्यापर्यंत, ते तिच्या हातून झालं. या सगळ्याच्या बदल्यात तिने कधी काही घेतलं म्हणावं, तर तेही नाही. दिवाळीला दुकानातून पाठवलेलं पातळसुद्धा ती चार वेळा उलटंसुलटं करून म्हणायची, चांगलं हाये, ठेव गा, गिऱ्हाइकाले दे. माणसांची मनातल्या मनात जमा-नावे मांडायची कृष्णकांतला खोड होती. कोणाचं काय येणं, कोणाचं काय देणं, कोण गोड बोलून उधार वाढवतंय, कोण तोंडाने फटकळ पण व्यवहाराला चोख. या मांडणीत यमुताईचं पान मात्र तो उघडत नसे. जे फेडता येत नाही ते मोजू नये, हे तो धंद्यात शिकला होता. आणि आज ती आपण होऊन, पहिल्यांदाच, त्याच्यासाठी काहीतरी घेऊन आली होती, आणि तेही नेमकं त्याच्या कपाटासाठी.

कपाट समोरच होतं. सागवानी, काचेच्या दारांचं, आत दिवे बसवलेलं. सगळ्या नात्यागोत्यात त्याचा कायदा माहीत होता: आत जायचं ते अस्सल, जुनं, कंपनीच्या हातचं. नकलेची जागा फ्रिजवर. हा कायदा त्याने कुठे लिहून लावला नव्हता, पण त्याच्या साठाव्या वाढदिवसाला अश्विनने इंटरनेटवरून फलाटावरचा दिव्याचा खांब मागवला, हुबेहूब, चमकता, खटका दाबला की पेटणारा, तेव्हा कृष्णकांतने त्याची इतकी तारीफ केली, इतकी, की जो माल आपण परत करणार आहोत त्याचीच माणूस एवढी तारीफ करतो हे व्यापाऱ्याच्या पोराला कळायला वेळ लागला नाही. खांब फ्रिजवर गेला. अश्विनने नंतर या खात्यात बापाला काही दिलं नाही, चपला दिल्या, स्वेटर दिला. गेल्या खेपेला यमुताईने तो खांब पाहून विचारलं होतं, हा बाहेर काहून? आणि शामलाने तिला, हसत हसतच, सगळा कायदा समजावून सांगितला होता. म्हणजे आता हे फाटक फ्रिजवर गेलं तर कुणाला काही बोलावं लागणार नव्हतं. आणि कपाटात ठेवावं, तर आत्ताच भर बैठकीत नक्कल म्हणून झालं होतं. कीव करून आत घेतलेला माल न कळण्याइतकी ताई आंधळी नव्हती, मोतीबिंदू असला तरी.

कृष्णकांत गाड्या जमवत नव्हता, ही गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण तीवरून त्याची चेष्टा फार व्हायची. इंजिन नाही, डबे नाहीत. त्याच्या कपाटात होतं ते रुळाच्या बाजूचं सगळं: सिग्नल, पाण्याची टाकी, बाक, हमालाची ढकलगाडी, सिग्नलवाल्याच्या खोल्या, दिवे, हातात कंदील घेतलेला बोटाएवढा पत्र्याचा माणूस. लग्नाला जाऊन नुसते मांडवाचे खांब घेऊन येणारा माणूस, असं त्याला शामला म्हणायची. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले भैयाजी याच छंदातले, पण उलट्या टोकाचे. त्यांनी गच्चीवर रूळ टाकले होते, सगळा माल नवा, नकली, बेधडक. तुटला की दुसरा. गल्लीतली पोरं वर चढून गाड्यांची टक्कर लावायची आणि भैयाजी शिट्टी फुंकायचे. एकदा त्यांनी या कपाटासमोर हात मागे बांधून पुष्कळ वेळ पाहिलं होतं आणि मग विचारलं होतं, "मालक, फलाटावर माणसं उभी हायेत, हमाल उभा हाये, सिग्नल पडून राहिला हाये. गाडी काहून येऊन नाही राहिली?" कृष्णकांत हसला होता. पण ते वाक्य त्याच्याकडे राहिलं. खरंच का? मुंबईला खरेदीला गेला असताना जुन्या बाजारात त्याने पहिला सिग्नल उचलला तेव्हा शेजारीच इंजिन पडलं होतं, भाव जवळपास तोच. त्याने इंजिनाकडे पाहिलंही नव्हतं. ज्याला कशातही नफा दिसतो अशा माणसाने इंजिन सोडून सिग्नल का घ्यावा, हे कोडं त्याने स्वतःला घातलं नव्हतं असं नाही. पण उत्तर न देता दुकान बंद करून घरी जाता येतं, हा एक फायदा स्वतःला घातलेल्या कोड्याचा असतो.

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, टेबलातून भिंग काढलं. निकाल देऊन झाला तरी माल उलटून बघायला काय हरकत आहे. कापडात फसवणूक नेहमी दर्शनी बाजूला असते. उलटी बाजू बिचारी खरं बोलते. खेळण्यांचंही तेच. जुन्या मालाला पत्र्याच्या जिभा असतात, खाचेतून पलीकडे काढून दुमडलेल्या. नव्याला स्क्रू, नाही तर डकवलेलं. जुन्याचा रंग पत्र्यावर छापलेला, अंगात मुरलेला. नव्याचा पिचकारीने उडवलेला. जुन्याचा गंज सांध्यात, जिथे पोराची बोटं पोचत नाहीत तिथे, आणि बनावट गंज, मीठपाण्याचा, बरोबर समोर, कारण गिऱ्हाईक तिथेच बघतं. या हिशेबाने तो फाटक फिरवू लागला, आणि एकेक प्रश्न निरुत्तर होत गेला. स्क्रू नव्हता. जिभा असाव्यात पण रंगाखाली बुडालेल्या. गंज औषधालाही नाही. रंग पिचकारीचा नाही, कुंचल्याचा. आणि किती, तर कडांवर साईसारखा गोळा झालेला, सांध्यात भरून आलेला, दांडी वर करताना मध्येच चिकटून मग एकदम सुटणारी. पट्टे वाकडे, खरंच वाकडे, एक तर शेजारच्यावर चढलेला, एक अर्ध्यात संपून पुन्हा पुढून सुरू झालेला. इथे त्याच्या आतला व्यापारी जागा झाला. एवढा रंग कोणता कारखाना देतो? नकलवाला नक्कल करतो ती वाचवण्यासाठी. रंगात वाचवतो, पत्र्यात वाचवतो. जो दोन थेंबांत भागत असताना वाटीभर रंग घालतो तो विकण्यासाठी बनवत नाही. मग कशासाठी? आणि रंग आठवड्याचा. आठवड्यापूर्वी काय होतं?

तान्हा पोळा होता. उत्तर इतकं जवळ उभं होतं की त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. पोळ्याचा दुसरा दिवस, आणि सगळ्या नागपुरात पोरं लाकडी बैल घेऊन फिरत होती, त्याच्या दुकानाच्या पायरीवरही दहा-बारा नंदी येऊन गेले, त्याने बोजारा म्हणून प्रत्येकाच्या हातावर नाणं ठेवलं, एका बैलाच्या शिंगांचा सोनेरी रंग त्याच्या बाहीला लागला, तो अजून निघाला नाही म्हणून शामला बोलते आहे. या दिवसांत इकडे चाक असलेली किंवा पोराच्या हातात जाणारी कोणतीही वस्तू रंगाचा वास मारते. बैल जुना असो, पणजोबाच्या हातचा असो, पोळ्याच्या आधी तो ओसरीवर येतो, वर्तमानपत्रावर उभा राहतो आणि त्याला नवा हात बसतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला ताज्या रंगाच्या वासावरून नवा माल वाटला असता तर क्षम्य होतं. आपल्याला, खाप्यात जन्मलेल्या माणसाला, वास आल्याबरोबर हे का कळू नये? की कपाटाजवळ येताना आपण खाप्याला फाटकाबाहेर उभं करून येतो?

खाप्याची ओसरी, बारा महिने मागाचा आवाज, खट-खट, खट-खट, त्या आवाजात झोप लागायची आणि तो थांबला की जाग यायची. वडील, रामाजी, पातळं विणायचे आणि विकायलाही स्वतःच नागपूरला न्यायचे. सिव्हिल लाइन्समधल्या एका रेल्वे साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी पडद्यांचं कापड दिलं, आणि साहेबाची बदली झाली तेव्हा बाईने अडगळीतलं एक खोकं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यात सिग्नल होता, दिवा होता, बाक होता. गाडी नव्हती. साहेबाच्या पोराने गाडी बरोबर नेली, बाजूचं सगळं टाकून दिलं. कृष्णकांत भिंग हातात धरून थांबला. म्हणजे भैयाजींच्या प्रश्नाचं उत्तर हे. गाडी आलीच नव्हती. त्याच्या आयुष्यातली पहिली रेल्वे, ती गाडीशिवायच आली, आणि तीच त्याला पुरी वाटली असावी. पण रूळ नाही, इंजिन नाही, मग ते खेळायचे काय? तर बैल. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, चार चाकांचा, दोरीने ओढायचा, तो सिग्नलजवळ यायचा, थांबायचा, यमुताई तोंडाने शिट्टी वाजवायची आणि तो फाटक उघडायचा. फाटक त्याच्या हातात असायचं. बैल कुणीही ओढो, उघडायचं की नाही हे तो ठरवायचा. अहाहा, काय तो अधिकार होता! गांधीबागेतल्या गादीवरसुद्धा त्याला तेवढा मिळाला नव्हता.

त्या फाटकाच्या शोधात त्याने वर्षं घालवली होती. सिग्नल, दिवा, बाक सगळं कुठे कुठे हरवलं, पण त्या तऱ्हेचं सगळं त्याने पुन्हा मिळवलं. फाटक तेवढं मिळालं नाही. देशभरच्या शौकीन लोकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर त्याने वर्णन टाकलं होतं, एका दांडीचं, बुटकं, टोकाला निमुळता गोळा. कलकत्त्याच्या एका जाणकाराने सगळ्या जुन्या सूचीपत्रांत शोधून कळवलं, असं फाटक कोणत्याच कंपनीने काढलेलं नाही. कृष्णकांत खट्टू व्हायच्या ऐवजी खूश झाला होता. सूचीत नसलेला माल म्हणजे दुर्मीळ माल. आठवणीतलं ते फाटक दरवर्षी थोडं मोठं, थोडं देखणं, थोडं जास्त विलायती होत गेलं. आणि आता त्याच्या मांडीवर एका दांडीचं बुटकं फाटक होतं, टोकाला निमुळता गोळा असलेलं, आणि त्याने ते ओळखलं नव्हतं.

त्याने नखाने बिजागरीच्या आतल्या अंगाला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, रंगाचा टवका काढला. पांढऱ्याखाली पोपटी आला. पोपटीखाली गुलाबी, मग मोरपंखी, मग एक चंदेरी थर, मग पुन्हा पोपटी, त्याखाली गेरूसारखा काहीतरी. बैलाला आणून उरलेला जो डबा असेल तो रंग. तो खरवडत गेला, हावरटासारखा, बाहेर काय बोलणं चाललंय याचा विसर पडून. एकेक थर म्हणजे एकेक पोळा, यमुताईची पोरं, मग त्यांची पोरं, आणि खाप्यातलं घर रिकामं होत गेलं तशी मग कोणाचीच नाहीत, तरी रंग आहेच. सगळ्यांच्या खाली छापील पत्रा निघाला. छापील, म्हणजे कंपनीचा? त्याने भिंग टेकवलं. पिवळ्यावर हिरवं पान होतं, आणि पानाखाली देवनागरीतला अर्धा 'प'. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा होता तो. गोळ्यावरचा रंग काढला तर खालून पितळ आलं, निमुळतं, गुळगुळीत, आणि या वेळी अंगठ्याला विचारायची गरज पडली नाही, कारण ते पितळ त्याने चालायला लागण्याआधी तोंडात घातलं असणार: मागाच्या धोट्याचं टोक.

आता त्याला कात्री ऐकू आली. वडिलांची कापड कापायची मोठी कात्री, जिला घरात कुणी हात लावायचा नाही, तिची धार एका दिवाळीच्या आधी गेली आणि पातळांच्या कडा फाटल्यासारख्या निघू लागल्या. रामाजी कधी ओरडत नसत, त्या दिवशी ओरडले. तो दाराआड उभा होता, आपणच काही केलं असेल या भीतीने. आणि यमुताई, सोळा वर्षांची, आईविना घर चालवणारी, वडिलांसमोर खाली मान घालून उभी होती, डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. हात त्याने तेव्हा पाहिला होता. पण हात, कात्री आणि पत्र्याचं फाटक यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे त्याने जोडलं नव्हतं. पाच वर्षांच्या पोराने कशाला जोडावं. पण अडुसष्टाव्या वर्षापर्यंत? म्हणजे अंगठा बरोबरच होता. माल नकलीच. कोणत्या कंपनीच्या फाटकाची नक्कल नव्हे, सावनेरच्या रस्त्यावरच्या खऱ्या फाटकाची, जिथे नागपूरला जाताना बैलगाडी थांबायची आणि यमुताई उठून उभी राहून बघायची. नकलेला नक्कल म्हणण्यात त्याची चूक झालीच नव्हती. मग भिंग खाली का ठेवता येत नव्हतं? पट्टे. पट्टे बी सरळ मारत नाहीत लेकाचे. दगड झालेल्या डोळ्याने, आठवड्यापूर्वी, ओसरीवर एकटीने बसून मारलेले पट्टे. कोणता तिच्या हातून निसटला, कोणता तिने बोटाने चाचपून पुन्हा पुढून सुरू केला, हे आता त्याला एकेक करून वाचता येत होतं, आणि वाचवत नव्हतं.

दार उघडलं. भिंतीला हात लावत यमुताई आत आली. "चश्मा सापडला काय गा?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, पण ती जे मिश्कील बोलायची तेही नव्हतं. ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. कृष्णकांतच्या मांडीवर रंगाचे टवके सांडले होते. त्याने ते झटकले नाहीत.

"हे खोक्यातलं नोहे, ताई."

"खोक्यात फाटक कुठं होतं? सिग्नल होता, दिवा होता. फाटक नाही म्हणून तू रडून रडून जीव घेतला माझा. बैल कसा अडवू म्हणे. अडवाची भारी हौस तुले."

"मले वाटलं, कंपनीचं होतं."

"वाटू देलं आम्ही. बाबानं सांगितलं, पोराले सांगू नोको, सायबाचंच समजून खेळू दे." मुठीतली कापडाची पुडी तिने पलंगावर ठेवली. "म्हणून मले वाटलं, तुले लगेच ओळखू येईल. मी बस्समधी हेच करून राहिली होती, किसना आता काय म्हणते, आता काय म्हणते."

कृष्णकांतला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. गिऱ्हाइकाशी चूक झाली तर काय बोलावं याचे त्याच्याकडे तयार तागे होते, सगळे खळीचे. त्याने त्यातला एकही उलगडला नाही. तो म्हणाला, "पट्ट्याचं बोललो ते—"

"खरंच बोलला. मले दिसून नाही राहिले पट्टे. वासावरून रंग वळखला आन् बोटानं मोजून मारले." मग पुडीवरून बोट फिरवत, "पण काल-परवाचा माल म्हनला ते लागलं."

बाहेर अश्विन फोनवर कुणाशी तरी ताग्यांच्या गाडीबद्दल बोलत होता. यमुताईने हात पुढे करून विचारलं, कपाट कुठं हाये, दाखव तर. आजवर काचेबाहेरूनच पाहिलं. त्याने उठून काचेचं दार उघडलं. आतापर्यंत आलेल्या प्रत्येक माणसाला त्याने आधी हात पुसायला लावले होते. तिला लावले नाहीत. तिच्या बोटांनी पाण्याची टाकी चाचपली, बाक चाचपला, कंदीलवाल्या माणसाच्या टोपीवर टिचकी मारली, आणि मग त्याच्या सगळ्यात मोलाच्या वस्तूवर, दोन पात्यांच्या उंच सिग्नलवर येऊन थांबली. कलकत्तेवाला जाणकार ज्याच्यासाठी दरवर्षी गळ घालायचा, तो हा सिग्नल. एक खरचटा असा नव्हता की ज्याचं कारण कृष्णकांतला सांगता येत नव्हतं. यमुताईने अंगठ्याने सांधा घासला, अगदी त्याच्यासारखा, किंवा तो तिच्यासारखा घासत असावा.

"किसना, हे तर सडून राहिलं गा," ती म्हणाली. "याले रंग काहून नाही देला कोणी?"

याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. मूळ रंगाला हात लावला की वस्तू मेली, तिची किंमत शून्य, हे त्याने कितीतरी लोकांना, अश्विनलाही, न थकता समजावलं होतं. तो ते सांगणारही होता, तोंड उघडलंही. पण ताई उत्तराची वाट बघत नव्हती. तिने सिग्नल दोन्ही हातांनी उचलून छातीजवळ धरला होता आणि खालून वर चाचपत होती, जसं तापलेल्या पोराच्या अंगावरून हात फिरवून कुठे काय दुखतंय ते शोधावं. दारात शामला येऊन उभी होती, तिच्यामागे अश्विन, फोन कानापासून दूर धरलेला. सिग्नल कपाटाबाहेर निघालेला त्या घराने आजवर पाहिला नव्हता.

"घेऊन जा तू," कृष्णकांत म्हणाला. "पोळ्याले देजो रंग."

"पुढच्या पोळ्याले अजून साल हाये. डोळा बनला की दिवाळीच्या आधीच देऊन टाकतो." ती पलंगाकडे वळली, घडीची पुडी उलगडली, सिग्नल तीत गुंडाळू लागली. लुगड्याचा तुकडा फाटकापुरता होता. सिग्नलची मान बाहेर राहिली. ती एकदम थांबली. कामाचं विचारायचं राहिलं होतं. "आधी खरवडून घेऊ का, वरूनच मारू?"

कृष्णकांतने सिग्नलकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे. व्यापारी होता शेवटी. देऊन टाकतानाही तळाशी थोडं राखून ठेवायची त्याच्या हाताला सवय होती.

"वरूनच मार, ताई," तो म्हणाला.